सत्यवानाने दुरुस्त केलेले कपाट

आमच्या देवबागचा सत्यवान जन्मभर होड्याच दुरुस्त करीत आला. खाऱ्या वाऱ्याने माझ्या सुनेच्या, विमलाच्या होमस्टेमधल्या रेडिमेड कपाटाचे स्क्रू गंजले नि दार निखळले. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून विमलाने त्यालाच बोलावले.

तिने आणलेले नवे स्क्रू बघून तो हसला. “ह्ये स्क्रू दर्यो एका पावसात खातलो गो!”

त्याने होडीचे लांब पितळी बोल्ट आवळले; त्यांची टोके बाहेर आली. सवयीने, पाणी शिरू नये म्हणून, सगळ्या फटींत कापूस नि राळही भरली, दाराच्यासुद्धा.

दार उघडेना. विमला रडकुंडीला आली. “काकानू, पावण्यांनी कपडे खंय ठेवूचे?”

“ह्ये बोल्ट भायर इलेत ते कित्याक? कपडे टांगूक!”

पाहुण्यांनी टांगलेसुद्धा. कपाट आतून रिकामेच आहे, पण कोरडे ठणठणीत.