पदराला चिकटलेला मोजा

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज झाला की मला सेलूच्या आमच्या घरातलं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला आईने तळेगावच्या बाजारातून आणलेली सिंथेटिक साडी मी हौसेने नेसले होते, पण त्या कोरड्या हवेत ती सारखी पायांना चिकटायची. मोठ्या जाऊबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “हिच्या मायनं साडी नाई, प्लास्टिकची पन्नी देल्ली पन्नी!” सगळ्या हसल्या. आई तिथेच बसली होती, तिने मान खाली घातली. पुढच्या वर्षी जाऊबाईंनी नवी जॉर्जेट काढली. पलंगावरच्या वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून ती ओढून त्या घाईघाईत नेसल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा भोक पडलेला नायलॉनचा मोजा पाठीवर पदराला चिकटून आला. “कशी दिसून राह्यली मी?” त्यांनी मला विचारलं. “लय मस्त, ताई,” मी म्हटलं. मग त्या वाण देत घरभर फिरल्या, वाकल्या, आणि त्यांच्या पाठीमागे खसखस पिकत गेली. शेवटी शेजारच्या काकूंनी मोजा ओढून वर धरला, “काऊन वो, यंदा मोजे लुटून राह्यल्या काय?” जाऊबाई तरातरा स्वयंपाकघरात आल्या. “तुले दिसला नाई?” “दिसलता न,” मी शांतपणे म्हटलं आणि तिळगुळाचं ताट उचलून बाहेर गेले. आता मला सुना आल्या आहेत, पण त्या दिवशी गप्प राहिल्याचा आनंद अजून तसूभरही कमी झालेला नाही.