निधनाचे फोटो

यवतमाळातल्या एका छोट्या दैनिकाची वेबसाइट मी सांभाळते. सांभाळते म्हणजे ती बंद पडली की शिव्या खाते. त्या आठवड्यात जुना सर्व्हर बदलता बदलता मी मेटाकुटीला आले होते. नव्या मांडणीत सगळ्यांत पुढे रिव्हर्स प्रॉक्सी होता. वाचकाची प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे यायची. पत्त्यात 'फोटो' असेल तर त्यानं थेट फोटोंच्या फोल्डरमधून फाईल काढून द्यायची, बाकी सगळं पानं बनवणाऱ्या मागच्या प्रोग्रामकडे पाठवायचं. नियम लिहिले, दोन-चार पानं उघडली, फोटो दिसले. सुटले एकदाची, म्हटलं.

दुपारी वणीहून फोन आला. ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री होता.

"म्याडम, माह्या भावाचा फोटो काहून नाही दिसून राह्यला? बातमी हाय, फोटोची जागा खाली. अम्मी सकाळपासून मोबाइल घेऊन बसली हाय."

भावाची निधनवार्ता आम्हीच छापली होती. मी चिडचिड करत तपासलं. वाढदिवस, सत्कार, उद्घाटनं, सगळे फोटो जागेवर. गेलेले लोक तेवढे गायब. शेवटी ऑफिसात फोटो चढवणाऱ्या काकांना विचारलं.

"ते येगळ्या फोल्डरात हायेत ना," काका म्हणाले. "वाढदिवसाच्या फोटोयत मेलेल्यायचे कायले ठेवू? बरं दिसते का ते?"

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, जुना सर्व्हर दोन्ही फोल्डरांत शोधायचा, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं. 'निधन' फोल्डरसाठी प्रॉक्सीत आणखी एक नियम लिहिला, प्रॉक्सीला नियम पुन्हा वाचायला लावले आणि मिस्त्रीला फोन केला.

"दिसला," तो म्हणाला.

"आता सेव्ह करून ठेवा दादा. पुन्हा असं झालं तर तुमच्याजवळ असेल."

"माह्यापाशी तर पहिल्यापासूनच हाय. पण अम्मीले वाटलं, पेपरवाल्यायनं त्याले काढून टाकलं. थांबा, अम्मी शेजारच्यायच्या मोबाइलात पाहून राह्यली."

मी फोन कानाला लावून बसून राहिले. मग तो म्हणाला, "शेजारच्यायले भी दिसला, म्याडम."

मागे त्याची आई रडत होती. मलाही रडू आलं, आणि एवढ्या थकव्यात हे आणखी कशाला, म्हणून रागही आला.