खोटं बोलून गाठलेलं देऊळ

वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला यल्लम्मा आईचं देऊळ आहे. तिथला भंडारा, म्हणजे देवीची हळद, मुठीत घेऊन दारू सोडल्याची शपथ मी इतक्यांदा घेतली आणि मोडली, की शेवटी देवळावरून जायचंच बंद केलं. कामाला जाताना मागच्या बोळातून वळसा घालायचो. भंडारा उचलून शब्द फिरवणाऱ्या माणसाला आई पुन्हा दारात उभं करत नाही, असं आमच्याकडे मानतात, आणि शिकलेला असूनही मी ते मानत होतो. साड्या विणणाऱ्या आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या शपथा ऐकून थकलेली माझी बायको सुनंदा आता माझ्याशी भांडतही नव्हती. "शपथ तेवढी आता घेऊ नका. सोमवारी पोरीला घेऊन मी बेळगुंदीला आईकडं चालले," एवढंच तिने सांगितलं होतं.

मला औषध देणाऱ्या डॉक्टरांनी सुचवलं, की दारू सोडलेल्यांची बैठक भरते, तिथे जाऊन नुसते बसा. एक बैठक शहापुरात होती, दुसरी निपाणीत. शहापूर आम्हाला चालत जाण्याजोगं, पण तिथली निम्मी माणसं मला ओळखतात. म्हणून रविवारी सकाळी मी निपाणीची बस धरली. बसमध्ये माझं अंग एका जागी ठरत नव्हतं. खिडकी उघडायचो, लावायचो. संकेश्वरला उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. कंडक्टर वैतागला, "उतरायचं हाय का न्हाय वो? एक काय ते ठरवा." तेच तर मला ठरवता येत नव्हतं.

निपाणीत बैठकीसाठी सांगितलेली शाळा सापडली, पण फाटकाला कुलूप होतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. मी आलो होतो, बैठकच नव्हती, आता माझा काय दोष? रस्त्यापलीकडे बारचं शटर नुकतंच वर गेलं होतं. मी पाऊल उचललं, तेवढ्यात हातात नारळाची पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कुठं जायचं हाय?"

"देवळात," मी खोटंच बोललो. एवढंच सुचलं.

"मग तिकडं कुठं निघालासा? चला, मीबी देवळातच चाललोय. गुडघं लई दुखत्यात, जरा हात द्या."

त्यांनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. मी मान वळवून बारकडे बघत होतो आणि ते मला गुडघ्यांच्या तक्रारी सांगत होते. देवळाशी पोहोचल्यावर ते पायऱ्या चढून आत गेले. माझा पाय पायरीवर पडेना. परत फिरावं असं मनात आलं, आणि बाजूच्या सभामंडपातून कुणाचा तरी आवाज आला. तो माणूस कन्नडमध्ये सांगत होता, की गोठ्यात कडब्याखाली तो बाटली लपवायचा आणि बायकोला वाटायचं, याचा जनावरांवर किती जीव! ऐकणारे हसले, तोही हसला. शाळेची डागडुजी निघाल्यामुळे बैठक त्या मंडपात हलवली होती.

मी दारात उभा राहिलो, आणि पहिलाच ओळखीचा चेहरा दिसला तो आमच्या गल्लीतल्या गणपाअण्णांचा. ते उठलेच. "आरं, तू? तुमच्या नदरंस पडू नये म्हणून मी एवढ्या लांब येतोय, आन तू हितं बी आलास व्हय?"

"अण्णा, मीबी त्यासाठीच लांब आलतो."

सगळा मंडप हसला. चहा आला तेव्हा मला कप अर्धाच भरून मिळाला. अण्णा हळूच म्हणाले, "नव्या माणसाला अर्धाच देत्यात. हात कापतोय न्हवं? सांडला की माणूस लाजतंय आन परत येत न्हाय." माझा हात कापत होताच, पण चहा सांडला नाही. मग मी भंडाऱ्याचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "तू आईला सगळ्या जन्माचं वचन देत बसलास. तुझ्या हातात जन्म हाय व्हय रं? आजचा दिवस हाय. तेवढा सांभाळ, उरलेलं तिच्यावर सोड."

परतीच्या बसमध्येही चुळबुळ सुटली नाही. अण्णा शेजारी बसून होते. घरी गेलो, तर सुनंदा पोरीचे कपडे घड्या करत होती. मी म्हणालो, "आज घेतली नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं माहीत नाही. आईच्या हातात आहे. पण निपाणीला परत जाणार आहे, अण्णा सोबत आहेत."

तिने हातातला फ्रॉक घडी न घालता बाजूला ठेवला. आजवरच्या शपथांवर तिने कधीच विश्वास ठेवला नव्हता. मग म्हणाली, "सोमवारचं मीबी उद्याच बघते. हातपाय धुवा, भाकरी टाकते."

पिण्याची ओढ अजून उठते. ते नारळवाले गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत, आणि ते कोण होते याचा शोधही मी घेत नाही. इतकी वर्षं मी आईपुढे माझ्या निश्चयाची फुशारकीच मारत होतो. आता सकाळी उठलो की एवढंच म्हणतो, आई, मला जमत नाही, आज तू धर. ज्या हाताने मला त्या दिवशी रस्ता ओलांडू दिला नाही, त्याला माझा नमस्कार.