गाभा वेगळा, मुरूम वेगळा

दिनकररावांना सगळी कचेरी साहेब म्हणायची. सुमंगलाबाई मनात मेला म्हणायच्या, आणि काही खोटं म्हणत नव्हत्या. परभणीच्या त्या पाटबंधारे कचेरीत चौदा वर्षं त्यांनी नकाशे गिरवले. ब्याण्णव साली कॉम्प्युटर आला, तो नीट शिकल्या त्याच एकट्या. तरी साहेबांचं पालुपद एकच, "बाई, तुमी गिरवा. डोकं आमी लावतो."

लावलं डोकं! गंगाखेडकडं एका तळ्याला मातीचा बांध व्हायचा होता. मधे पाणी अडवणाऱ्या काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना पाणी झिरपू देणारा मुरूम. हा बिंदू, ही रेषा, असा सगळा बांध फायलीत लिहून द्यायचा, आणि कुठल्या भागात कुठली माती ते तिच्या ठरलेल्या क्रमांकानं सांगायचं. मग मशीन त्याचे बारीक त्रिकोण पाडून पाणी किती झिरपेल ते सांगायचं. साहेबांनी बाहेरचा आकार लिहिला, आत गाभ्याच्या दोन रेघा ओढल्या आणि काळ्या मातीचा क्रमांक देऊन मोकळे झाले. कागदावर रेघ मारली की दोन बाजू वेगळ्या होतात, एवढंच त्यांना जन्मभर ठाऊक. मशीनला नुसत्या रेघेनं भाग वेगळे कळत नाहीत; त्यानं सगळाच बांध काळ्या मातीचा धरला.

"पाणी झिरपतच नाही," साहेब खूश. "पायथ्याचा दगडांचा थर रद्द करा."

त्या पायथ्याखालीच बाईंच्या थोरल्या भावाचं, लिंबाजीचं घर होतं. झिरपलेलं पाणी गाळून सोडायला दगड नसले, तर पाण्यासंगं मातीही जाणार आणि एक दिवस बांध लिंबाजीच्या अंगणात येणार.

त्यांनी फाईल नव्यानं लिहिली. गाभ्याचं क्षेत्र वेगळं, दोन्हीकडच्या मुरमाची वेगळी, मधल्या रेघेचे बिंदू दोघांत सामायिक, आणि ज्याचा त्याला क्रमांक. झिरपणाऱ्या पाण्याचा आकडा कितीतरी पट वाढला. साहेबांनी कागद बघितलाच नाही, सरळ फाडला.

"माझ्या फायलीला हात लावायची हिंमत कशी झाली? माझ्या नकाशावर इथं सही करा."

'तयार करणार' या जागी बाईंची आणि 'तपासणार' या जागी साहेबांची सही असल्याशिवाय नकाशा वर जात नसे. बाईंनी पेन साहेबांपुढं ठेवला.

"तुमीच करा, साहेब. दोन्ही जागी. उद्या बांध फुटला तर विचारायला एकच माणूस सापडंल."

साहेबांनी पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं. शिव्या मनातल्या मनात दिल्या असतील. दोन दिवसांनी बाईंचाच हिशोब वर गेला, दगडांसकट. तिसऱ्या दिवशी बाईंची बदली देवगाव फाट्याला पाटाच्या चौकीवर झाली. तिथं ना कॉम्प्युटर, ना धड खुर्ची.

दिवाळीला बाई माहेरी गेल्या. लिंबाजीचं तोंड फुगलेलं.

"सुमे, ह्ये बघ. माझ्या परसाला लागून धोंडेच धोंडे टाकायलेत. गुरं बांधायला जागा न्हाई ठेवली. कोन्या येड्याचं डोकं हाय ह्ये?"

"येडीचं हाय, दादा," बाई म्हणाल्या. "तिची बदली झाली."