मार्तंडरावांनी बदललेली नावं

मार्तंड बेलापूरकरांनी बत्तीस वर्षं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. कुणी जुना फेरफार मागितला की कपाटाकडे न बघताच ते सांगायचे, तिसरा रॅक, खालून दुसरा कप्पा, लाल फडक्यातलं बाड. निवृत्त होऊन श्रीरामपुरातल्या घरात बसल्यावर लावायला बाडं उरली नाहीत, म्हणून त्यांनी टीव्ही धरला.

मागच्या गल्लीत परवेझचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरात टीव्हीचं कार्ड बसवून ते खोकं टीव्हीखाली ठेवून दिलं, आणि मार्तंडरावांचं रेकॉर्डिंग सुरू झालं. गाण्याच्या मैफली, कीर्तनं, जुनी नाटकं, मुलाखती. मशीन आपल्या पद्धतीनं फाइलला नाव द्यायचं, वाहिनीचा नंबर आणि वेळ. मार्तंडरावांना ते खपायचं नाही. सकाळचा चहा झाला की ते आदल्या दिवसाची फाइल उघडत, थोडी पाहत आणि नाव घालत. तारीख, प्रकार, कलाकार, राग. कीर्तन असलं तर निरूपणाचा अभंग. बारा वर्षांत तीन हजारांवर फायली झाल्या.

"अहो, परत बघता तर काहीच नाही," शोभाताई म्हणायच्या. "नुसती नावंच घालत बसता."

"नाव असलं की सापडतं. नाहीतर असून नसल्यासारखंच."

शोभाताईंनी स्वतः चौथीच्या वर्गाला शिकवण्यात उमर घालवली होती. अशुद्ध काही दिसलं की त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. नवऱ्याच्या त्या यादीत मात्र त्यांना कधी ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक सापडली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत दाढी करता करता मार्तंडरावांच्या हातातून रेझर गळाला. शोभाताई आवाज ऐकून धावल्या तर ते मोरीच्या कडेला बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. परवेझनं त्यांना उचलून आपल्या गाडीत घातलं आणि थेट नगरला नेलं. तिथे तीन दिवस तो दवाखान्याच्या पायरीवर झोपला. जीव वाचला. महिन्याभरात उजवा पाय ओढत का होईना, ते चालू लागले. शब्द मात्र धड परत आले नाहीत. पाणी हवं असलं की ते "किल्ली" म्हणत. जेवणाला "रविवार". शोभाताईंकडे बघून एकदा "मास्तर" म्हणाले आणि आपलं चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळून मान खाली घातली. समजत सगळं होतं. तेच तर वाईट होतं.

दर मंगळवारी शोभाताई त्यांना एसटीनं नगरला वाचा-उपचारासाठी नेत. आरती नावाची पोरसवदा बाई एकेक चित्र दाखवायची आणि प्रेमानं विचारायची, "काका, हे काय?" कप. छत्री. चमचा. मार्तंडरावांच्या कपाळावर घाम यायचा. मे महिन्यात एका मंगळवारी चमच्याचं चित्र समोर आल्यावर ते उठले, काठी घेतली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. त्यानंतर त्यांनी नगरचं नाव काढू दिलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी ते आपणहून कॉम्प्युटरसमोर बसले. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करू लागले. शोभाताईंना भरून आलं. मुलगी अपूर्वा पुण्याला असते, तिला त्यांनी लगेच फोन केला. "अगं, बाबा बसलेत कामाला! कधी नव्हे ते शांत आहेत." रोज दोन तास, कधी तीन. जुलैपासून संध्याकाळी ते एखादं गाणंही लावू लागले. शोभाताई चहाचा कप शेजारी ठेवून हलकेच मागे फिरत. पडद्याकडे बघणं त्यांना आगाऊपणाचं वाटे.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी मार्तंडराव शेजारी कट्ट्यावर बसले असताना शोभाताईंना एक जुनं कीर्तन ऐकावंसं वाटलं. त्यांनी यादी उघडली. जिथे तारखा, राग, अभंग असायचे तिथे लिहिलं होतं: तांब्या. दार दार. बुधवारची मामी. ओलं. पुढे नुसतंच म म म. त्या खाली खाली जात राहिल्या. चारशेवर फायलींची नावं अशी झाली होती. बारा वर्षांचं काम नवरा आपल्याच हातानं पुसत चालला होता आणि आपण त्याला शेजारी चहा आणून देत होतो!

त्या चपला अडकवून परवेझकडे गेल्या. तो संध्याकाळी येऊन बघून गेला, ते मार्तंडराव आंघोळीला गेले असताना.

"काकू, रेकॉर्डिंग सगळी जागेवर हाय. नुसती नावं गेली."

"ती परत येतील का?"

परवेझनं डोकं खाजवलं. "दोन वर्षांमागं डिस्क बदलली हुती ना आपण, ती जुनी माझ्या कपाटात पडलीय. तिच्यात जुनी नावं असतील. जुळवून घालता येतील. पन काकांना विचारलं का?"

"त्यांना काय विचारू, परवेझ? ते किल्ली म्हणतील."

हे वाक्य आपण बोललो, याची शोभाताईंना पुढे फार दिवस लाज वाटली. पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे चुकांनी भरलेली वही होती, आणि ती दुरुस्त करायची एवढंच त्यांना दिसत होतं.

शनिवारी दुपारी मार्तंडराव झोपले तेव्हा परवेझ जुनी डिस्क घेऊन आला. दोघं दबक्या आवाजात बोलत होती. फाइलचा आकार जुळला की जुनं नाव तिच्यावर घालायचं, असं काहीतरी त्यानं मशीनला सांगितलं. तासाभरात सगळं पूर्ववत झालं. दोन वर्षांतल्या नव्या फायली तेवढ्या तशाच राहिल्या. चुकीच्या नावांची एक यादी आधी काढून ठेवावी, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. ती ठेवायची कशाला?

साडेचारला मार्तंडराव उठून कॉम्प्युटरसमोर बसले. परवेझ अजून वायरी गुंडाळत होता. त्यांनी यादी उघडली. वर गेले, खाली गेले, पुन्हा वर. मग मागे वळून म्हणाले, "तांब्या?"

शोभाताईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी तो बाजूला सारला. "तांब्या! तांब्या!" बोट पडद्यावर आपटत ते ओरडू लागले. मग त्यांची नजर परवेझच्या हातातल्या डिस्ककडे गेली आणि ते गप्प झाले. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी आपल्या कपाळावर डाव्या हाताची मूठ हलकेच दोनदा मारली, उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतर अकरा दिवस ते एक अक्षर बोलले नाहीत. किल्ली नाही, रविवार नाही, काही नाही. पुढ्यात ठेवलं ते जेवत. अपूर्वा पुण्याहून आली. तिचं म्हणणं, ते खोकंच घरातून काढून टाकावं. "आई, त्यांना त्याचा त्रास होतोय. रोज समोर कशाला?"

"त्रास त्याचा नाही गं," शोभाताई म्हणाल्या. "माझा आहे."

कारण तोवर त्यांना उमगलं होतं. नवरा जुलैभर रोज संध्याकाळी हवं ते गाणं बिनचूक लावत होता. एकदाही त्याला शोधावं लागलं नव्हतं. म्हणजे ती नावं आपल्याला चुकीची दिसत होती. त्यांचं त्यांना सापडत होतं. जुनी नावं त्यांना वाचताच येत नसतील, कोण जाणे. डोक्यातलं सगळं रान विस्कटलं होतं, आणि त्यातून एकट्या माणसानं दोन महिने एका बोटानं पायवाट पाडली होती. आपण ती एका दुपारीत नांगरून टाकली.

बाराव्या दिवशी सकाळी त्या त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. "अहो, मी पुसलं. परवेझला मीच बोलावलं. मला वाटलं, तुमचं चुकतंय. चुकलं माझं."

मार्तंडरावांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात धरून उठायला आधार मागितला.

दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. शोभाताई एकेक फाइल लावत, आणि थांबत. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या पेटीवाल्याचं वादन लागलं आणि मार्तंडराव सरळ झाले. "तांब्या," ते म्हणाले. अगदी हळू. शोभाताईंनी जुनं नाव तसंच ठेवलं आणि त्याच्या आधी टाइप केलं, तांब्या. का तांब्या, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कीबोर्ड नवऱ्याकडे सरकवला.

असं आता अडीच महिने चाललंय. दीडशेच्या आसपास नावं परत आली असतील. पुष्कळ फायलींना ते जून-जुलैतलं नाव देत नसावेत, नवीनच काही देत असावेत, आणि काहींपुढे नुसते बसून राहतात. त्या वेळी शोभाताई फाइल बंद करून उद्या बघू म्हणतात. बोलणं सुधारलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षानंतर फारशी आशा धरू नका. शोभाताईंना जुनं कीर्तन हवं असलं तर आता त्या नवऱ्यालाच सांगतात. ते लावून देतात.

परवेझला मात्र त्यांनी घरात येऊ दिलेलं नाही. शोभाताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्याचा दोष नाही, मीच बोलावलं होतं. मार्तंडराव ऐकतात आणि मान फिरवतात. परवा दिवाळीत तो मिठाईचा पुडा घेऊन आला तेव्हा ते दारातच बसले होते. त्यांनी काठी उंबऱ्यावर आडवी ठेवली.

परवेझ पायरीवर थांबला. "राहू द्या काकू," तो म्हणाला. "त्यांचं बी बरोबरच हाय."

शोभाताईंनी चहा बाहेर आणून दिला. तो पायरीवर बसून, पाठ दाराकडे करून प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेला.