सोजराबाईची कूस

केळव्याच्या कोळीवाड्यात हिराची चेष्टा करायला कुणाला वेगळी सवड काढावी लागत नसे. अंगावरून वारं गेल्यापासून सासू सोजराबाई दोन वर्षं खाटेवर, नवरा नवशा होडीवर, आणि घरात घड्याळ नाही. म्हणून भरती लागली की हिरा सासूला उजव्या कुशीवर वळवी, ओहोटी लागली की डाव्या. शेजारची जमना कुडावरून विचारी, "हिरे, सासू परततेस का भाकरी?"

"भाकरी बरी. ती शिव्या नाय देत."

खरं तर सोजराबाईच्या शिव्याही हल्ली बंद पडल्या होत्या. पडून पडून कमरेखाली जखम झाली होती. हळद झाली, खोबरेल झालं, वैद्याची पूड झाली, जखम मिटेना. हिराला देवाकडे दुसरं मागणं उरलं नव्हतं.

चौसष्ट साली मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातली दमयंतीबाई म्हाताऱ्या माणसांची पाहणी करायला आली. जाड चष्मा, हातात छापील कागद. अर्धा वाडा दारात जमला.

"दिवसातून किती वेळा कूस बदलता?"

"पानी फिरलं की."

बाईंनी जरा विचार करून लिहिलं, चार वेळा.

हिराने धीर केला. "ते कमी पडतं का, बाई? म्हनून मिटत नाय?"

"इस्पितळात दर दोन तासांनी वळवतात. तिथे परिचारिका असतात."

"आनि घरात एकलीच बाई असंल तर? तिनं किती करावं?"

दमयंतीबाईला थाप मारता येत नव्हती, एवढाच तिचा दोष. "ते अजून कुणी नीट तपासलेलंच नाही. त्यासाठीच तर आम्ही फिरतोय."

"कधी कळंल?"

"तीनेक वर्षं लागतील."

"म्हातारे, ऐकलंस?" जमना म्हणाली. "तीन वर्षं दम धर." सगळे हसले. सोजराबाईचंही तोंड हललं. हसली असेल, नाहीतर कळ आली असेल.

दुसऱ्या दिवसापासून हिराने मासळी विकायला बाजारात जाणं सोडलं. अंगणातली सावली जरा सरकली की उठायची, सासूला वळवायची. चार दिवसांत जखमेच्या कडा सुकल्यासारख्या दिसल्या. पाचव्या दिवशी तांदूळ संपले, आणि नवशाने आणलेले बोंबील टोपलीत वास मारू लागले.

"येईपर्यंत दोनदा वळवशील?" तिने जमनाला विचारलं.

"माजी कंबर कुठं धड हाय, हिरे," जमना म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

हिराने सासूला भिंतीकडे वळवलं, पाठीशी गोधडीची वळकटी लावली आणि टोपली डोक्यावर घेऊन पालघर गाठलं. दुपारी परतली तेव्हा वळकटी खाली पडली होती आणि सोजराबाई पाठीवर, थेट जखमेवर, उताणी होती. हिराने तिला उचलून पाहिलं. लुगडं जखमेला चिकटून बसलं होतं.

ओढलं असतं तर कातडी निघाली असती. ती पाणी कोमट करायला चुलीकडे गेली.