डांबऱ्याची चावायची खोड

पिल्लानं माझा अंगठा धरला आणि सोडेना.

तीन महिन्यांचं पिल्लू. काळंकुट्ट, पोट टम्म, एक कान उभा आणि एक पडलेला. पिंपळगाव राजाकडच्या रस्त्याचं काम चालू असताना डांबराच्या रिकाम्या ड्रममागं सापडलं, म्हणून नाव डांबऱ्या. दुधाचे दात फार टोकदार असतात, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. तरी माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

घरची सून वर्षा चहाचा कप घेऊन समोर उभी होती.

"पाह्यलं ना काका? आता तुमीच सांगा, हे कुत्रं हाय का अडकित्ता?"

"आधी अंगठा सुटू दे, मग सांगतो," मी म्हणालो.

मी पोलिसांच्या श्वानपथकात हँडलर होतो. हँडलर म्हणजे कुत्र्याचा माणूस. त्याला खाऊ घालायचं, धुवायचं, शिकवायचं आणि चोरी झाली की वास द्यायला घेऊन जायचं. रिटायर झालो आणि खामगावात राहायला आलो. लोकांना वाटतं, यानं चोर पकडणारे कुत्रे तयार केले, घरचं पिल्लू म्हणजे याला काय! खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

वर्षाच्या घरी सगळ्यांना प्रसाद मिळालेला होता. तिला दोनदा, तिचा नवरा गजानन याला पोटरीला एकदा, आणि वांगी न्यायला आलेल्या शेजारणीच्या लुगड्याचा काठच गेला होता. वर्षा सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घेऊन आली होती. गजानन भाजीपाल्याची शेती करतो. सरळ माणूस, पण डोक्यात राख घालायला वेळ लागत नाही.

"काका, तुमी आले ते बरं झालं," तो म्हणाला. "पण मी सांगून ठेवतो. रविवारपर्यंत सुधारलं तं ठीक. नाई तं त्याले टेम्पोत टाकतो अन् दूर सोडून येतो."

"मग सोडून दे की. मला कशाला बोलावलं?"

तो वावराकडं निघून गेला. वर्षानं मला गोठ्याच्या बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. सासरे तुळशीराम आबा यांना शुगर होतीच, त्यात सव्वा वर्षापूर्वी लकवा झाला. डावी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात नाही आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आबा चालेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला उठवावं लागायचं.

"डांबऱ्या आला अन् आबा उठले," वर्षा म्हणाली. "काठी घेऊन फाटकापर्यंत जातात अन् परत येतात. दिवसातून चार वेळा. मी सवताच्या डोळ्यानं पाह्यलं म्हणून सांगून राह्यली. कुत्रं गेलं का आबा पुन्हा भिंतीकडं. मले चावलं तं चावलं हो, पण..."

पुढचं सांगायची गरजही नव्हती.

आता पिल्लू का चावतं, ते सांगतो. त्याला राग आलेला नसतो. तो त्याचा खेळ असतो. चार भावंडं एकत्र वाढतात तेव्हा एकमेकांना चावूनच खेळतात. एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं दहा-वीस वेळा झालं की पहिल्याच्या डोक्यात शिरतं, जोर केला की खेळ बंद. याला इंग्रजीत बाइट इनहिबिशन म्हणतात. आम्ही पथकात म्हणायचो, तोंड मऊ झालं. डांबऱ्या एकटाच सापडला. त्याच्यापुढे केकाटणारं कोणी नव्हतंच.

म्हणून मी घरच्यांना होमवर्क दिला. दात लागले की जोरात ओरडायचं. हात झटकायचा नाही, झटकला की त्याला वाटतं खेळ रंगला. मारायचं तर बिलकुल नाही. ओरडायचं, पाठ फिरवायची, अर्धा मिनिट त्याच्याकडे बघायचं नाही. मग पुन्हा खेळायचं. चावायलाच हवं असेल तर जुन्या दोरीला गाठ मारून द्यायची. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. एकानं ओरडायचं आणि दुसऱ्यानं लाड करायचे, असं चालत नाही.

"आबायलेबी सांगू का?" वर्षानं विचारलं.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

निघताना विचारलं तर रेबीजची लसही दिलेली नव्हती. मी गजाननला चांगलंच झापलं आणि दुसऱ्याच दिवशी पिल्लाला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला लावलं.

शनिवारी पुन्हा गेलो. वर्षा खूश होती. तिच्या हाताला आता नवा ओरखडाही नव्हता. गजाननलाही मान्य करावं लागलं की सकाळी पिल्लू गुणी असतं. पण कालच संध्याकाळी त्यानं शेजारणीच्या हाताला धरलं होतं. रक्त आलं होतं.

"सकाळी देव, संध्याकाळी राक्षस," गजानन म्हणाला. "उद्या रविवार हाय काका."

मला राग आला. सकाळी शिकलेलं संध्याकाळी विसरतं, असं पिल्लू मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मधल्या वेळात त्याला कोणीतरी उलटं शिकवत होतं. पोलिसाचं डोकं, ते लगेच संशय घ्यायला लागलं. मी गजाननवरच घेतला.

"तू दुपारी याला डिवचतो का? राखणीला तेज व्हावा म्हणून फडकं दाखवून छू म्हणतो का?"

"मले टाइम हाय का काका? दुपारी मी फवारणीत असतो."

"मग दुपारी याच्याजवळ कोण असतं?"

"आबा असतात," वर्षा म्हणाली. "पण आबायले तं तो कधी चावतच नाही. एकडावबी ओरडल्याचा आवाज नाही आला."

ते ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मी म्हणालो, बरं, आबांना जाऊन भेटतो.

ऊन मी मी म्हणत होतं. आबा निंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते, आणि डाव्या खांद्यावरून शेला असा घेतला होता की हात पूर्ण झाकलेला. डांबऱ्याचं डोकं त्या शेल्यात घुसलेलं. फक्त शेपूट बाहेर, आणि ती जोरात हलत होती.

"आबा, शेला कशाला?"

"थंडी वाजते."

"या उन्हात?"

मी शेला बाजूला केला. डांबऱ्यानं त्यांची तीन बोटं तोंडात घेतली होती आणि तो ती कराकरा चावत होता. मनगटापासून खाली सगळ्या दातांच्या खुणा. काही जुन्या, काही ताज्या. करंगळीजवळची जखम सुजून पिवळी झाली होती. आबा माझ्याकडे शांतपणे बघत होते. चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही.

कुत्र्याला माणूस पकडायला शिकवतात तेव्हा आमच्यातला एक जण हातात स्लीव्ह घालतो. स्लीव्ह म्हणजे आत ताग भरलेली जाड बाही. कुत्रा पूर्ण जोरानं चावतो आणि आतल्या हाताला काही कळत नाही. म्हणूनच त्याचा जोर वाढत जातो. डांबऱ्याला रोज दुपारी दोन तास अशी स्लीव्ह मिळत होती.

"आबा, दुखत नाही?"

"दुखलं असतं तं ठेवला असता का?" ते म्हणाले. मग बोटांकडं बघत, "हा हात मेला हाय हवालदार. सून धुवायची, पुसायची, तिचं काम म्हणून करायची बिचारी; आता मीच धुतो, तिले पाहू देत नाही. पण याच्याशी खेळणारं हे एकटंच हाय. मले लागत नाही, पण दिसते ना."

मला फार वाईट वाटलं. आणि तेवढाच रागही आला.

"शुगर आहे ना तुम्हाला? ही जखम अशीच राहिली तर बोट जाईल. आजच दवाखान्यात जायचं."

"गजाननले सांगू नका. तो कुत्रं सोडून येईन."

"सांगणार," मी म्हणालो. "कुत्र्याचं मी बघतो. हाताचं तुम्ही बघा."

सांगितलं. गजाननचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी कुत्र्यावर ओरडला, मग वर्षावर, मग आबांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यांना बसवायला मोटारसायकल काढली. मीही मागोमाग गेलो. डॉक्टरांनी जखम धुतली, ड्रेसिंग केलं, इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला आणि विचारलं, "कुत्रं कुठं आहे?"

"उद्या सोडून येणार हाय साहेब," गजानन म्हणाला.

"अजिबात नाही! दहा दिवस नजरेसमोर पाहिजे ते. आजारी पडलं की लगेच मला कळवायचं. सोडून दिलं तर बघणार कोणाकडे?"

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. हसू आलं तर गजाननला दिसायला नको म्हणून. दहा दिवस मिळाले.

आता डांबऱ्याला शिकवायचं काम फार उरलं नव्हतं. आबांना शिकवायचं होतं. डावा हात पट्टीत, तो शेल्याआड राहील. सध्या उजव्या हातानं खेळायचं.

"आबा, दात लागले की ओरडायचं."

"काय ओरडू?"

"काहीही. अयाया म्हणा, माय वं म्हणा."

डांबऱ्यानं उजवा अंगठा धरला. आबांनी दातओठ आवळले, हात हळूच काढून घेतला आणि वांग्याचा भाव विचारावा तसं म्हणाले, "अयाया."

डांबऱ्यानं शेपूट हलवली आणि पुन्हा धरला.

"जोरात आबा!"

"मले जमत नाही. विहिरीवर पाय मोडला तवाबी मी तोंडातून आवाज काहाडला नाही. गावानं पाह्यलं हाय."

"गावानं पाहिलं असेल. या कुत्र्याला आवाज लागतो."

तीन दिवस हेच. मी रोज खामगावहून यायचो, आणि म्हातारा रोज दात आवळून बसायचा. एवढा हट्टी विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही, आणि मी तर बिघडलेले डॉबरमनसुद्धा सांभाळले होते. चौथ्या दिवशी वैतागून म्हणालो, "आबा, तुमच्या इज्जतीपायी हे पिल्लू घरातून जाणार. मी उद्यापासून येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा थोडा बरा आवाज निघाला. डांबऱ्या दचकला. आबाही दचकले. पुढचे दिवस मग तेवढंच घासून घेतलं.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. जखम वाळली होती. उजव्या हाताशी डांबऱ्या आता शहाण्यासारखा वागत होता, पण खरी परीक्षा डाव्याची होती. त्याला सवय तिथं लागलेली. मी पट्टा हातात धरून बाजूला बसलो. "हाताला कळत नाही तर डोळ्यांनी बघा," मी सांगितलं. "दात टेकले की लगेच. तो जोर करेपर्यंत थांबायचं नाही."

आबांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि बाजेवर ठेवला. डांबऱ्या आला. हुंगलं. चाटलं. मग जुन्या ओळखीनं दोन बोटं तोंडात घेतली. आबा एकटक बघत होते. मी पट्टा ओढणार, तेवढ्यात आबा ओरडले.

"अय्या माय वं! मेलो वं माय!"

निंबावरचे कावळे उडाले. डांबऱ्या हातभर मागं उडाला आणि कान पाडून बसला. वर्षा कणकेच्या हातानं बाहेर आली. गजानन वांग्याच्या वावरातून पळत आला, पाठीवर फवारणीचा पंप तसाच, नळीतून औषध गळतंय.

"आबा! काय झालं? कुठं दुखते?"

"कुठंच नाही. याले शिकवून राह्यलो."

"म्हंजे खोटंच ओरडले?" गजाननला धाप लागली होती. "जीव गेला ना माहा! जल्मात तुमचा असा आवाज आयकला नव्हता."

आबांनी डावा हात उचलून मांडीवर घेतला.

"हे खोटं होतं," ते म्हणाले. "लकवा झाला तवापासूनचे खरे आवाज तसेच आत पडून हायेत."

गजाननानं पंप उतरवला. बाजेच्या कडेवर बसला. डांबऱ्या हळूच पुढं आला आणि आबांची बोटं नुसती चाटायला लागला, दात न लावता. मी शाबास म्हणायचं विसरलो. चांगल्या हँडलरनं ते विसरायचं नसतं.

"मंग सांगत जा ना आबा," गजानन म्हणाला. "मी का दूर होतो का?"

"सांगीन."

त्या दुपारी गजानन फवारणीला परत गेला नाही. मी चहा घेतला आणि निघालो.

डांबऱ्या अजून त्यांच्याकडेच आहे. चांगला थोराड झालाय. वर्षाच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतो तेव्हा तिला त्याचे ओठ तेवढे लागतात. आबांचा इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण झाला. हात तसाच आहे, तो काही परत आला नाही. पण गजानन रोज संध्याकाळी त्याला तेल लावतो आणि आबा कुठं जड वाटतं, कुठं ओढ बसते ते सांगत असतात. वर्षा म्हणते, आता तं लयच सांगतात.

मी मात्र कामाची पद्धत बदलली. पिल्लू चावतं म्हणून फोन आला की पूर्वी मी वय आणि जात विचारायचो. आता आधी विचारतो, घरात असं कोण आहे, ज्याला दुखतं पण जो ओरडत नाही? फोनवर लोक आधी म्हणतात, असं कोणी नाही. मग नाव सांगतात.